घरात माणसे किती, ब्रश किती?

हातातले काम थांबवू नका. भाकरी थापताना, मासळी निवडताना, काजूगर सोलताना ऐकलेत तरी चालेल. आजचा विषय वीतभर लांबीचा आहे. दात घासायचा ब्रश.

काही जणींना हसू आले असेल. कर्ज, बँकेची कागदपत्रे, कोकम सरबताची विक्री असे मोठमोठे विषय असताना आज एकदम ब्रश? तर कारण सांगतो. गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, वही लिहून झाली की हल्ली आम्ही दोन प्रश्न विचारतो. तुमच्या घरात माणसे किती? आणि ब्रश किती? प्रश्न ऐकून आधी हशा पिकतो. मग एकेक जण बोटांवर मोजू लागते. "माणसे सहा, ब्रश चार." "आम्ही पाच, ब्रश तीन. थांबा, चार. पण एक कोणाचा ते माहीत नाही." आम्ही पुढे विचारतो, ज्यांना ब्रश नाही ती दोन माणसे कोण? इथे हसणे जरा कमी होते. कारण मुलांना ब्रश असतो. नवऱ्याला असतो, त्याला कामावर जायचे असते. मुंबईच्या दिरासाठीसुद्धा एक नवा ब्रश पाकिटात जपून ठेवलेला असतो. उरतात त्या सासूबाई आणि आपण स्वतः. सासूबाईंची मशेरी असते. आपण बोटाने पावडर लावतो, नाहीतर मुलाने वापरून केस फाकलेला ब्रश, "टाकायचा कशाला" म्हणून, आपण वापरत असतो.

दुधावरची साय मुलांना, माशाची मधली तुकडी पुरुषांना, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. ब्रशाचेही तसेच झाले आहे. नवा आणला तर दुसऱ्याला, जुना उरला तर आपल्याला. म्हणून आज आम्ही ब्रश कधी बदलायचा आणि कसा सांभाळायचा ते सांगणार आहोतच, पण हे सगळे ऐकताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे आपण आपल्या स्वतःच्या ब्रशाबद्दल बोलतो आहोत.

आधी ब्रश करतो काय ते पाहू. आपण जेवलो, चहाबरोबर बटर खाल्ला, की दातांवर एक चिकट थर धरतो. जीभ फिरवली तर तो बुळबुळीत लागतो. त्या थरात जंतू असतात. ते गोडाधोडावर जगतात आणि आंबट द्रव सोडतात. त्या आंबटपणाने दात झिजतो, पोखरतो. थर तसाच राहिला तर काही दिवसांत कडक होऊन त्याचे किटण बनते. किटण ब्रशाने निघत नाही, दातांच्या डॉक्टरकडेच काढावे लागते. किटण हिरडीला टोचत राहते, हिरडी सुजते, रक्त येते आणि हळूहळू धट्टाकट्टा दातही हलायला लागतो. ब्रशाचे काम एवढेच, की तो थर मऊ आहे तोवर रोज पुसून काढायचा. हे काम ब्रशाच्या केसांची टोके करतात. टोके सरळ असतील तर ती दाताच्या आणि हिरडीच्या सांध्यात शिरतात. केस वाकून बाहेर पडले, की ती नुसती दातावरून घसरतात. झाडूचे हीर झिजून बुडखा राहिला की आपण कितीही वाकून झाडले तरी कोपऱ्यातला केर निघत नाही, तसेच.

म्हणून दातांचे डॉक्टर सांगतात, तीन ते चार महिन्यांनी ब्रश बदला. केस त्याआधीच फाकले तर त्याआधीच बदला. महिन्या-दीड महिन्यातच केस फाकत असतील तर मात्र हात जास्त जोराने चालतो आहे असे समजावे. दात घासायचे म्हणजे तव्याची काजळी काढायची नव्हे.

आता तीन महिने झाले हे लक्षात कसे ठेवायचे? तारीख कोण लिहून ठेवणार? आमच्या गटांनी त्यावर सणांचा हिशेब बसवला आहे. वर्षाचे चार दिवस. संक्रांत, गुढीपाडवा, आषाढी एकादशी आणि दसरा. पाडव्यापासून आषाढी एकादशी तीन महिन्यांवर, तिथून दसरा तीन महिन्यांवर, दसऱ्यापासून संक्रांत सुमारे तीन महिन्यांवर. अधिक महिना आला तर कुठे तरी तीनाचे चार होतात, तेवढे चालते. या चार सणांना घरातले सगळे ब्रश एकदम बदलायचे. तुझा नवा, माझा जुना असे करायचे नाही.

पैशाचे काय, हा प्रश्न येणारच. साधा चांगला ब्रश वीस ते तीस रुपयांना मिळतो. वर्षाला चार म्हटले तर एका माणसाचे ऐंशी ते एकशेवीस रुपये. पाच माणसांच्या घराचे चारशे ते सहाशे, तेही वर्षभरात चार वेळा मिळून. आणि दात किडून मुळापर्यंत गेला, की एका दाताच्या उपचाराचा खर्च हजारांत जातो, शिवाय तालुक्याला चार-पाच फेऱ्या आणि तेवढ्या दिवसांची बुडालेली मजुरी. दाढदुखीसाठी गटातून उचल घेतलेल्या बायका प्रत्येक गावात आहेत. ब्रश महागातला घ्यायची गरज नाही. पाकिटावर "मऊ" किंवा "सॉफ्ट" लिहिलेला घ्या. कडक ब्रशाने दात जास्त स्वच्छ होतात हा गैरसमज आहे. त्याने हिरडी मागे सरते, दाताची मान उघडी पडते आणि मग गार पाणी प्यायले तरी कळ येते. काही आज्या अजून म्हणतात, ब्रशाला डुकराचे केस असतात. पूर्वी ते खरेच असत. पण १९३८ साली नायलॉनच्या केसांचे ब्रश बाजारात आले आणि आज आपल्या दुकानात मिळतात ते नायलॉनचेच असतात. तेव्हा तीही शंका नको.

आता ब्रश सांभाळायचा कसा. हा भाग आपल्या कोकणात जास्त महत्त्वाचा आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत आपले कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, पापडाला बुरशी येते, चामड्याच्या चपलेवर पांढरी लव चढते. मग मोरीच्या कोपऱ्यात, पेल्यात उभा असलेला ब्रश कसा वाळणार? ब्रश ओला राहिला की त्यावर जंतू आणि बुरशी वाढायला वाव मिळतो. त्यासाठी पाच गोष्टी करा.

पहिली गोष्ट, दात घासून झाले की ब्रश वाहत्या पाण्याखाली धरून अंगठ्याने केस चोळून धुवा. नळ नसेल तर तांब्याने वरून धार धरा. पेस्ट आणि अन्नाचे कण राहता कामा नयेत. मग दोन-तीनदा झटका.

दुसरी गोष्ट, ब्रश उभा ठेवा, केस वर, दांडा खाली. पेल्याच्या तळाला पाणी साचते आणि काळा चिकट गाळ बसतो, तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. म्हणून पेल्याऐवजी प्लॅस्टिकची बाटली अर्धी कापा, तळाला खिळा तापवून चार भोके पाडा आणि तारेने भिंतीला टांगा. पाणी खाली निघून जाईल. आठवड्याला एकदा ही बाटलीही धुवा.

तिसरी गोष्ट, एका ब्रशाचे केस दुसऱ्याच्या केसांना लागू देऊ नका. एकाच बाटलीत सहा ब्रश कोंबले की एकाच्या तोंडातले दुसऱ्याच्या तोंडात जायला वेळ लागत नाही. मुलांचे वेगळ्या बाटलीत, मोठ्यांचे वेगळ्या बाटलीत ठेवा आणि मध्ये अंतर राहू द्या.

चौथी गोष्ट, ब्रशाला टोपी घालून ठेवू नका. प्रवासाला जाताना टोपी ठीक. घरी मात्र टोपीखाली ओल कोंडते. "मग झुरळे फिरतात त्याचे काय?" असे एका काकींनी विचारले, आणि प्रश्न बरोबर आहे. त्यावर उपाय म्हणजे जागा बदला. मोरीतून ब्रश उचला. पडवीत किंवा मागच्या दाराशी, जमिनीपासून उंच, वारा लागेल पण पागोळ्यांचे पाणी उडणार नाही अशा ठिकाणी टांगा. संडासाजवळ तर मुळीच नको, पाणी ओतताना शिंतोडे उडतात. चिऱ्याच्या भिंतीच्या फटीत किंवा वाशात खोचून ठेवायची सवय असेल तर तीही सोडा. तिथे पाल, मुंगळे, धूळ सगळेच असते. सकाळी ब्रश हातात घेतला की वापरण्याआधीही एकदा पाण्याखाली धरा.

पाचवी गोष्ट, ब्रश उकळत्या पाण्यात घालू नका. जंतू मरतील म्हणून काही जणी तसे करतात. त्याने केस वाकतात आणि ब्रश फुकट जातो. साध्या पाण्याने धुणे आणि वाऱ्याने वाळवणे पुरते. घरात साधी सर्दी होऊन गेली म्हणून ब्रश फेकलाच पाहिजे असेही नाही. पण तोंडात पांढरी बुरशी धरली असेल तर बरे झाल्यावर ब्रश नवा घ्या.

आणि दुसऱ्याचा ब्रश वापरायचा नाही, नवऱ्याचा नाही, मुलाचाही नाही. हिरडीतून रक्त येत असेल तर ते ब्रशाला लागते. रक्तातून पसरणारे आजार त्या वाटेने एकाचे दुसऱ्याला जाऊ शकतात. एका रंगाचे ब्रश स्वस्तात डझनाने आणले तर ओळखायचे कसे? दांड्याच्या टोकाला नेलपॉलिशचा ठिपका लावा. आईचा लाल, बाबाचा कोरा, मुलीचे दोन ठिपके. गणपतीत ही युक्ती फार कामाला येते. मुंबईचे चाकरमानी आले की घरात वीस माणसे, मागच्या दारी एका तांब्यात वीस ब्रश, आणि सकाळी आरतीच्या घाईत "माझा कुठला?" म्हणून गोंधळ. पाहुणे आले की पहिल्याच दिवशी ठिपके लावून टाका. मुलांना हे काम द्या, ती आवडीने करतात.

जुन्या ब्रशाचे काय करायचे? शिलाई मशीनच्या दातऱ्यातले धागे काढायला, मिक्सरच्या भांड्याचा तळ आणि शेगडीचा बर्नर घासायला, चपला धुवायला तो चांगला. समई-निरांजन घासायला नको, तो उष्टा. दांड्याचे टोक कापून ठेवा, म्हणजे चुकून पुन्हा कोणाच्या तोंडात जाणार नाही. आणि अगदी निकामी झाला की न्हाणीच्या चुलीत घालू नका. प्लॅस्टिकचा धूर आपल्याच छातीत जातो. ग्रामपंचायत सुका कचरा गोळा करते तिथे द्या.

दात घासायची पद्धतही थोडक्यात सांगतो. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे. ब्रश हिरडीकडे थोडा तिरका धरून हळू हलवा. बाहेरून, आतून आणि चावायच्या बाजूने, सगळीकडे. पहाटे जेटीवर जायचे असते, आंब्याच्या दिवसांत उजाडायच्या आत बागेत पोचायचे असते, तेव्हा सकाळची घाई समजू शकतो. पण रात्रीचे घासणे चुकवू नका. झोपेत तोंडातली लाळ कमी होते आणि अडकलेल्या अन्नावर जंतूंना रात्रभर रान मोकळे मिळते. पेस्ट फ्लोराइडवाली घ्या. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरे. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे दात आपण लक्ष देऊन घासून घ्यावेत. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी यांनी दात पांढरे वाटतात, पण वरचे कवच खरवडले जाते आणि एकदा गेलेले कवच परत येत नाही.

आता ज्यांच्या नावाचा ब्रशच घरात नसतो त्यांच्याकडे वळू. म्हणजे मशेरीकडे. हे बोलायला आम्हांला संकोच वाटत नाही, कारण आमच्या गटांतल्या कितीतरी बायका मशेरी लावत होत्या आणि अजून लावतात. त्यांना नावे ठेवण्यासाठी आम्ही बोलत नाही. आपल्या आयांनी, आज्यांनी ती दात घासायची वस्तू म्हणूनच आपल्या हाती दिली. पण मशेरी म्हणजे काय? तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली आणि कुटलेली तंबाखू. ती दात घासत नाही. हिरडीतून तिची नशा रक्तात उतरते. म्हणून तर सकाळी एकदा लावणारी बाई पुढे दुपारी लावते, मग संध्याकाळी, मग रात्री. दात चार वेळा घाण होतात म्हणून नव्हे, तर अंगाला तंबाखू हवी असते म्हणून. "मशेरीशिवाय पोट साफ होत नाही, डोके दुखते," असे म्हणतात ते खोटे नाही. पण ती मशेरीची सवय बोलत असते.

दात घासायच्या पेस्टमध्ये आणि पावडरीत तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ सालापासून बंदी आहे. म्हणजे कारखान्याने जे करायचे नाही असा कायदा आहे, ते आपण घरच्या तव्यावर करतो. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढ स्त्रियांपैकी १७ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होत्या. म्हणजे सहा बायकांमागे एक. त्यांत विडी-सिगारेट ओढणाऱ्या अगदी थोड्या. बाकीच्यांची तंबाखू तोंडातच असते. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे आता वादाचे राहिलेले नाही. परळच्या टाटा रुग्णालयात जाऊन आलेले माणूस आपल्यापैकी कोणाच्या ना कोणाच्या नात्यात, वाडीत आहे. गरोदर बाईने मशेरी लावली तर ती नशा बाळापर्यंत पोचते, बाळ कमी वजनाचे जन्मते. अंगावर पाजणारीच्या दुधातूनही ती जाते. आणि गरोदरपणात हिरड्या आधीच नाजूक झालेल्या असतात, लवकर सुजतात, तेव्हा त्या दिवसांत मऊ ब्रश हवाच.

मशेरी एका दिवसात सुटत नाही. आमच्या गटांत ज्यांनी सोडली त्यांनी असे केले. मशेरीचा डबा चुलीजवळून हलवला. जी वेळ मशेरीची, त्या वेळी हातात पेस्ट लावलेला ब्रश घेतला. हाताला काम मिळाले, तोंडाला चव मिळाली. आधी दुपारची बंद केली, मग रात्रीची, सकाळची शेवटी. पोटासाठी सकाळी उठल्या उठल्या कोमट पाणी प्यायल्या. पहिले काही दिवस चिडचिड झाली, डोके दुखले, ते घरच्यांनी समजून घेतले. आणि एकटीने नाही, दोघी-तिघींनी मिळून सोडली. फोनवर सल्ला हवा असेल तर सरकारचा मोफत क्रमांक आहे, १८००-११-२३५६. तंबाखू सोडायला तिथे मदत करतात.

एक तपासणी आरशासमोर स्वतः करा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का? आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का? यातले काही वेगळे वाटले तर आशाताईंना सांगा, उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी तिथे विनामूल्य होते. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला हे चट्टे दुखत नाहीत.

"माझे चारच दात ऱ्हायलेत, मला कशाला गो ब्रश?" असे म्हणणाऱ्या आज्या असतातच. आजी, चार आहेत म्हणूनच. त्या चारांवर भाकरी तुटते. आणि कवळी असेल तर तिलाही ब्रश लागतो, वेगळा. जेवणानंतर कवळी काढून धुवायची, रात्री पाण्यात ठेवायची आणि हिरड्या मऊ ब्रशाने हलकेच पुसायच्या.

शेवटी गटाने काय करायचे? आमचे म्हणणे तीन कामांचे आहे. येत्या बैठकीत वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येकीच्या नावापुढे दोन आकडे लिहा, घरातली माणसे आणि घरातले ब्रश. दुसरे, जो आकडा कमी पडेल तेवढे ब्रश गटाने एकदम, घाऊक दुकानातून डझनाने आणा आणि मूळ किमतीत सभासदांना द्या. त्यात नफा धरू नका. तिसरे, सणाच्या आधीच्या बैठकीत अध्यक्षांनी एकदा आठवण करून द्या, "ब्रश बदलायचे आहेत."

आज रात्री भांडी आवरली, मागचे दार लावले की एवढे करा. घरातले ब्रश मोजा. माणसे मोजा. माणसे मोजताना सासूबाईंना धरा, आणि स्वतःला धरायला विसरू नका. कमी पडणारा ब्रश उद्या दुकानातून येताना घेऊन या आणि त्याच्या दांड्यावर पहिला ठिपका आपल्या नावाचा लावा.